लहान मुलांचं बीजगणित: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुसरी ते सातवीतली दहा-बारा मुलं जमतात आणि आम्ही तास-दीड तास गणित खेळतो. मुलं न्यायला आलेले आईबाबा, क्वचित आजोबा, चपला घालता घालता काहीतरी विचारतात. गेली काही वर्षं प्रश्न जवळपास तेच आहेत, म्हणून एकदाचे लिहून ठेवते.

बीजगणित कितवीपासून सुरू करायचं?

पुस्तकाचं विचाराल तर बालभारतीच्या पाचवीच्या गणितात शेवटी ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ असं प्रकरण आहे, सहावीत ‘समीकरणे’ आहे, सातवीत बैजिक राशी येतात आणि नववीला बीजगणित नि भूमिती असे दोन वेगळे भागच होतात. पाचवीचं प्रकरण अगदी शेवटी असल्यामुळे बऱ्याच वर्गांत ते परीक्षेच्या घाईत उरकलं जातं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण तेच.

पण खरी सुरुवात दुसरीतच झालेली असते. ५ + □ = ८ हे गणित मुलाने सोडवलं की त्याने न सांगितलेल्या संख्येबद्दल विचार केला. अक्षर नव्हतं, चौकट होती, एवढाच फरक.

आमच्या मुलीला चौकटीतली गणितं पटापट येतात. म्हणजे तिचा पाया पक्का झाला ना?

तिला हे एक गणित घालून बघा, आणि घालताना चेहरा कोरा ठेवा:

८ + ४ = □ + ५

चौकटीत १२ लिहिते का? की सगळ्यांची बेरीज करून १७? दोन्ही उत्तरं मला दर वर्षी मिळतात, हुशार म्हणवणाऱ्या मुलांकडूनही. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच गणित दिलं होतं, आणि सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. बरोबर उत्तर ७.

चूक बेरजेत नाही, ‘=’ या चिन्हात आहे. पहिलीपासून मुलाने हे चिन्ह एकाच जागी पाहिलेलं असतं: डावीकडे गणित, मग दोन आडव्या रेघा, मग उत्तर. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा होतो. कॅल्क्युलेटरवरचं बटणही तेच शिकवतं. ‘दोन्हीकडे सारखंच आहे’ हा अर्थ त्याला कुणी दाखवलेलाच नसतो आणि पुढचं सगळं बीजगणित तर त्यावर उभं आहे. सातवीत समीकरण अडलं म्हणून माझ्याकडे आलेल्या दहांतल्या आठ मुलांचं दुखणं इथे निघतं.

उपाय सोपा आहे, फक्त सवयीचा नाही. ८ = ५ + ३ असं उलटं लिहा. ७ = ७ लिहा; यावर मुलं हमखास म्हणतात, ‘यात गणित कुठंय?’ मग ‘खरं की खोटं’ खेळा: ६ + २ = ५ + ३, ९ = ४ + ४, ३७ + २८ = ३८ + २७. शेवटचं बेरीज न करता सांगायचं. ‘अठ्ठावीसातला एक सदतीसला दिला’ असं मूल म्हणालं की त्या रविवारी माझा चहा गोड लागतो.

आणि एक, आपण मोठी माणसं वहीत ५ + ३ = ८ + २ = १० − ४ = ६ अशी आगगाडी लिहितो ती बंद करा. पाच अधिक तीन म्हणजे सहा नव्हे. हे चिन्ह १५५७ साली वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डने छापलं, तेव्हा समांतर रेघा का निवडल्या याचं कारण त्याने दिलं होतं: याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. मुलांना ही गोष्ट आवडते, सांगा.

तराजूने शिकवा म्हणतात. पण आता तराजू आहेत कुठे?

खरं आहे. भाजीवालीकडेही आकडे उजळणारा काटा आलाय आणि पारडं हा शब्द मुलांना ‘जड झालं’ एवढ्यापुरताच ठाऊक असतो. कपड्यांचा हँगर खिळ्याला अडकवा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्याने कागदी कप बांधा. झाला तराजू. वजनं म्हणून रुपयाची नाणी घ्या, पण एकाच छापाची. रुपयाची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या वजनाची निघाली आहेत. पहिल्याच रविवारी मी तिथे फसले आणि ‘बाई, चार बरोबर चार होत नाहीये’ हे ऐकून घेतलं.

काड्यापेटीत ५ नाणी लपवा. ती डाव्या कपात, शेजारी ३ सुटी नाणी. उजव्या कपात ८ नाणी. दांडी सरळ राहायला हवी, पण राहत नाही, कारण पेटीलाही वजन आहे. हे आधी सांगू नका. कुणीतरी शोधून काढतंच, आणि मग उजवीकडे एक रिकामी पेटी टाकायची हेही त्यांनाच सुचतं. नंतर विचारायचं: पेटी न उघडता आत किती? दोन्हीकडून तीन-तीन काढा. हात आपोआप दोन्हीकडे जातो.

तराजूला मर्यादा आहे. ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाही. क + ५ = २ आलं की तराजू बाजूला ठेवून संख्यारेषेवर किंवा लिफ्टच्या तळघराच्या बटणांवर या.

एक्स कधी आणायचा?

जितका उशिरा आणता येईल तितका उशिरा. आधी पेटी, मग चौकट, मग मुलाने ठेवलेलं नाव. माझ्याकडे एकाने अज्ञात संख्येला ‘गुपित’ म्हटलं आणि वहीत गु + ३ = ८ लिहिलं. चालतंय की!

हसू नका, भास्कराचार्यांची पद्धत याहून फार वेगळी नव्हती. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (‘सिद्धांतशिरोमणी’चा हा एक भाग, ११५० सालचा) पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. दुसरं अज्ञात आलं की कालक, मग नीलक, पीतक. चक्क रंग! लिहिताना पहिलं अक्षर: या, का, नी, पी. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. मुलांना खडूचे रंग द्या आणि काळी पेटी, निळी पेटी म्हणू द्या.

एक्स, वाय, झेड ही अक्षरं फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली. ती जगभर चालतात म्हणून शिकायची, दुसरं काही कारण नाही. इथे मी क, ख, न वापरते आहे. मुलाच्या पुस्तकात असेल ते अक्षर तिथे घाला.

शाळेत ‘३ आंबे आणि २ केळी यांची बेरीज होत नाही’ असं शिकवलं. मुलाला पटलं. मग तुम्ही त्याला विरोध का करता?

पटतं म्हणूनच. ३क + २ख पुढे जात नाही हे लक्षात ठेवायला ते उदाहरण गोड आहे, पण त्यातून मुलाच्या डोक्यात बसतं की क म्हणजे आंबा. क म्हणजे आंबा नव्हे. क म्हणजे आंब्यांची संख्या, किंवा एका आंब्याची किंमत. क ही कायम संख्या असते. आंब्याला केळ्याने गुणायची वेळ आली, की हा गोंधळ उघडा पडतो.

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रश्न विचारला गेला होता, १९८० च्या सुमाराला. एका विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, समीकरण लिहा. तिघांतल्या एकाहून जास्त जणांचं चुकलं. बहुतेकांनी ६व = प असं लिहिलं, ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ असं वाचून. अक्षराला वस्तूचं नाव समजलं की हे होतं. व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या असं धरलं तर ६व ही प्राध्यापकांची संख्या झाली, म्हणजे वर्गात मुलापेक्षा मास्तर जास्त! घरी करून पाहा, फक्त ‘रिक्षा आणि चाकं’ घ्या. चाकं रिक्षांच्या तिप्पट. ३र = च की ३च = र? आकडे घालून तपासायची सवय इथेच लावायची: १० रिक्षा, ३० चाकं.

‘इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे सांगू का?

अजिबात नको. म्हणजे सातवी-आठवीत मूल स्वतः म्हणायला लागलं तर म्हणू दे. आधी नको.

कारण हा मंत्र पाठ केलेलं मूल २क = १० आलं की क = १० − २ = ८ लिहितं. दोन पलीकडे गेले, चिन्ह बदललं, वजा झाले! मंत्राच्या हिशेबाने त्याचं काही चुकलेलं नाही. त्याऐवजी प्रत्येक पायरीला एकच वाक्य बोलायला लावा: ‘मी दोन्हीकडे काय केलं?’ दोन्हीकडून ३ काढले. दोन्हीकडचे २ सारखे वाटे केले. वेळ लागतो, वही भरते. लागू दे.

तो उत्तर तोंडी सांगतो, पायऱ्या लिहीतच नाही. मार्क जातात.

क + ३ = ८ ला पायऱ्या लिहायला लावणं हा छळ आहे हो. त्याला दिसतंय ५. पायऱ्यांची गरज वाटेल असं गणित द्या: ५क + ३ = २क + १८. अंदाजाने बघतो म्हणेल, बघू दे. अंदाज घालून तपासणं वाईट नाही, त्यात तो दोन्ही बाजू स्वतंत्र काढतो. चार-पाच प्रयत्नांनी कंटाळला की दोन्हीकडून २क काढायची कल्पना त्याला आयती मेजवानी वाटते. उरतं ३क + ३ = १८, आणि क = ५.

आकृतिबंध हे बीजगणित कसं? ते तर बुद्धिमत्तेच्या पेपरात असतं.

शिष्यवृत्तीच्या पेपरात ‘पुढची संख्या कोणती’ एवढंच विचारतात आणि तिथे थांबतात. गंमत त्याच्या पुढे आहे.

काड्यापेटीच्या काड्यांचे चौकोन एका रांगेत, एकमेकांना चिकटून मांडा. एका चौकोनाला ४ काड्या, दोनांना ७, तिनांना १०. पुढचे १३ हे कुणीही सांगतं. मी विचारते, १०० चौकोनांना किती? आता एकेक मोजत बसणं परवडत नाही. गेल्या पावसाळ्यात तीन मुलांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला, पहिल्याला ४, मग ९९ वेळा ३. दुसरी म्हणाली, आधी एक उभी काडी ठेव, मग १०० वेळा ३. तिसऱ्याने वर १००, खाली १०० आणि उभ्या १०१ अशा वेगळ्या मोजल्या. तिघांचं उत्तर ३०१. मग भांडण: कुणाची रीत खरी? हे भांडण मी मिटवत नाही. तिघांच्या रीती फळ्यावर न चौकोनांसाठी लिहिते:

४ + ३ × (न − १)
१ + ३ × न
न + न + (न + १)

या तिन्ही राशी एकच आहेत हे मुलांना आधी काड्यांत दिसलेलं असतं. कंस सोडवून दाखवणं ही नंतरची औपचारिकता.

ठिपक्यांची रांगोळी तर याहून सरस. ‘५ ते ३’ म्हणजे मधल्या ओळीत ५ ठिपके, वर आणि खाली ४, मग ३. एकूण १९. चौथीतली एक मुलगी ओळी मोजेना, ती आतून बाहेर गेली: मधला एक, त्याभोवती ६, त्याभोवती १२. ‘म्हणजे पुढचं कडं १८ चं’, आणि तिने ‘७ ते ४’ काढून ३७ मोजून दाखवले. प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा सहाने मोठं. मग ‘१५ ते ८’ ला किती? मधला १ आणि सात कडी. सहा गुणिले १ ते ७ ची बेरीज, म्हणजे १६८, आणि वर एक. १६९. दिवाळीच्या सुट्टीत तिची आजी म्हणे विचारत होती, की ही रांगोळीत रंग कधी भरणार.

शाब्दिक गणित आलं की सगळं विसरते.

बहुतेक वेळा गणित अडत नाही, मराठी अडते. ‘५ ने जास्त’ आणि ‘५ पट’ यांतला फरक, ‘क मधून ५ वजा’ आणि ‘५ मधून क वजा’ यांतला फरक. ‘एका संख्येची तिप्पट ४ ने कमी केली’ हे वाक्य चार मुलांना चित्रात काढायला सांगा, चार चित्रं येतील.

जुनी तोंडी कोडी उत्तम कामाला येतात. झाडावरच्या पक्ष्याने उडत्या थव्याला विचारलं, तुम्ही शंभर का? थवा म्हणाला, आम्ही आहोत तितकेच आणखी, त्याच्या निम्मे, त्याच्या निम्मे आणि तू, मिळून शंभर. पाचवीचं मूल हे अक्षराशिवाय सोडवतं. सगळ्यात लहान गट, म्हणजे थव्याचा पाव हिस्सा, ही एक चौकट. थवा ४ चौकटी, तितकेच म्हणजे ४, निम्मे २, पाव १. एकूण ११ चौकटी आणि एक पक्षी मिळून १००. अकरा चौकटी ९९, एक चौकट ९, थवा ३६. हेच एक्स धरून केलं तर अपूर्णांकांची समीकरणं येतात आणि आठवीतलं मूलही दमतं.

पाढे कच्चे आहेत. आधी ते पक्के करू का?

दोन्ही बरोबर चालू द्या. पाढे पक्के होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर काही मुलांची पाळी येतच नाही.

सेमी इंग्रजीत आहे. मराठीत शिकवलं तर गोंधळेल का?

विचार घरच्या भाषेत होऊ द्या, शब्द दोन्ही सांगा. चल म्हणजे व्हेरिएबल, समीकरण म्हणजे इक्वेशन, बस. ‘चल’ या शब्दात बदलणं आहे, ‘उकल’ या शब्दात गाठ सोडवणं आहे. मराठी शब्द उलट अर्थ उघडून दाखवतात. ‘सहगुणक’ (कोइफिशिएंट, म्हणजे ३क मधला ३) मात्र मलाही जड वाटतो.

मला स्वतःलाच बीजगणिताची धास्ती आहे. मी काय शिकवणार?

एक जादू शिका. मनात संख्या धर. दुप्पट कर. १० मिळव. निम्मे कर. धरलेली संख्या वजा कर. उत्तर ५! मूल म्हणेल, परत. तीनदा करा, मग विचारा, दर वेळी ५ कसं?

आता कागदावर पिशवी काढा. तिच्यात धरलेली संख्या आहे, किती ते ठाऊक नाही. दुप्पट म्हणजे दोन पिशव्या. शेजारी १० खडे. निम्मे म्हणजे एक पिशवी, ५ खडे. पिशवी काढून घेतली, उरले ५. पिशवीत काय होतं हे बघावंच लागलं नाही. मग त्याला स्वतःची जादू रचायला सांगा, उत्तर ७ येणारी. तुमची धास्तीही बहुधा इथेच उतरेल.

दुसरी जादू थोड्या मोठ्यांसाठी. दोन अंकी संख्या घ्या, अंक उलटे करा, मोठीतून लहान वजा करा: ७२ − २७ = ४५. दर वेळी ९ च्या पाढ्यातलंच का येतं? एक दशक एकक झालं की ९ कमी होतात, एक एकक दशक झालं की ९ वाढतात. सात नऊ गेले, दोन नऊ आले. अंकांच्या अशा खेळांतूनच देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ६१७४ पर्यंत पोचले होते: चार अंकी संख्येचे (सगळे अंक सारखे नकोत) अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते.

क्लास लावू का? अ‍ॅप घेऊ का?

चौथीपर्यंत नको. एकदा पैसे भरले की आपण ‘किती लेव्हल झाल्या’ विचारायला लागतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं आणि एक हँगर पुरतो.

मुलगा विचारतो, ‘काल एक्स ५ होता, आज ७ कसा?’ काय सांगू?

आधी शाबासकी द्या, फार चांगला प्रश्न आहे. मग ‘तो’ हा शब्द घ्या. ‘तो शाळेत गेला’ यातला तो एका गोष्टीत बंड्या, दुसऱ्या गोष्टीत राजपुत्र. गोष्ट बदलली की तो बदलतो, पण एका गोष्टीत अधेमधे बदलत नाही. २क + क मधला दुसरा क पहिल्याहून वेगळा, असं धरणारी मुलं असतात, त्यांना हे वाक्य उपयोगी पडतं. आणि काड्यांच्या गणितातला न तर कुणी एक नाहीच, तिथे हवी ती संख्या बसवा.

हे ऐकून पाचवीतला एक जण म्हणाला, ‘म्हणजे एक्स भाडेकरू आहे, दर गणिताला नवीन.’ खरं तर भाडेकरू संख्या, आणि एक्स ही खोली. पण मुलं चपला घालत होती, म्हटलं दुरुस्ती पुढच्या रविवारी.